सांगितलं तीन, होतं आठ

यंत्राशी खोटं बोललेली बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. माणसांशी सगळेच थोडंफार बोलतात, त्याचं काही नाही. पण मी भर दिवसा, डोळ्याला चष्मा लावून, बोटाने आकडा टाइप करून एका यंत्राशी खोटं बोलले, आणि त्यातून जो घोटाळा झाला त्याचा संशय दुसऱ्याच एका पोरीवर घेत राहिले. आता नातवंडं मांडीवर बसून चष्मा ओढायला लागल्यावर त्या बाईची आठवण आली की हसू येतं. तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती, म्हणजे आताच्या माझ्या मानाने पोरच. पण स्वतःला काय समजायची.

बीडमध्ये बियाणं तपासायची एक खासगी प्रयोगशाळा होती, तिथे मी नोकरीला होते. कापसाच्या बियाण्यात बोंडअळी मारणारा गुण खरंच आहे, की पाकिटावर नुसताच छापलाय, हे आम्ही तपासायचो. बी कुटायचं, त्याचा अर्क काढायचा, तो प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारीक बारीक घरांत थेंबाथेंबाने टाकायचा आणि मग वरून औषधं. गुण असेल तर घर निळं होतं, नसेल तर बिनरंगाचं राहतं. प्रत्येक प्लेटमध्ये काही घरं आम्ही मुद्दाम कोरी ठेवायचो, त्यात बियाण्याचं काहीच नाही. आणि एका नळीत पक्का अर्क असायचा, म्हणजे ज्या बियाण्यात गुण आहेच अशा बियाण्याचा. पक्का निळा झाला आणि कोरी घरं कोरी राहिली, तरच ती प्लेट खरी. एखादं कोरं घर जरी निळसर झालं की सगळी प्लेट कचऱ्यात आणि दिवसभराचं काम पुन्हा.

हे सगळं मी पुष्कळ वर्षं हाताने केलं. अंगठा दुखून दुखून रात्री भाकरी थापताना कळ यायची. तरी ते यंत्र आलं तेव्हा मला आनंद झाला नाही, संशय आला. काचेच्या कपाटासारखं यंत्र, आत एक लोखंडी हात, हाताला प्लास्टिकच्या टिपा लागतात, तो टीप बुडवतो, अर्क ओढतो आणि प्लेटमध्ये सोडतो. पुण्याहून बसवायला आलेल्या इंजिनिअरने सांगितलं की मॅडम, आता तुमचा अंगठा सुटला. मी मनात म्हटलं, अंगठा सुटला की मागोमाग मीही सुटणार.

त्याने दोन दिवस शिकवलं. शिकायचं काय, तर मांडणी. पूजेला बसण्याआधी चौरंगावर जशी मांडणी करतो तशी ही आधी पडद्यावर करायची. पडद्यावर यंत्राच्या आतल्या टेबलाचं चित्र असतं, त्याचे चौकोन पाडलेले. या चौकोनात टिपांचा डबा, या चौकोनात प्लेट, या चौकोनात नळ्यांचा ठोकळा, असं एकेक सांगायचं. नुसती नळी म्हणून चालत नाही, कोणत्या जातीची नळी, केवढी उंच, तळ गोल की टोकदार, ते यादीतून निवडायचं. मग कोणत्या नळीत कोणता अर्क आणि तो किती, हे भरायचं. आणि पडद्यावर जे मांडलं तेच हुबेहूब आत ठेवायचं.

इंजिनिअर सारखं एकच सांगत होता. महागाच्या यंत्रांना नळीतली पातळी कळते, तुमच्या यंत्राला कळत नाही. ते आंधळं आहे. तुम्ही सांगाल त्या नळीत तुम्ही सांगाल तेवढा अर्क आहे असं धरून ते हिशेब करतं आणि टीप तेवढीच खाली नेतं. मी मान डोलावत होते. त्या बाईची मान फार छान डोलायची. कान मात्र दुसरीकडे असायचे. इंजिनिअर हे सगळं इतकं समजावून का सांगतोय, सरांनी त्याला माझ्यावर लक्ष ठेवायला तर सांगितलं नाही ना, याचा मी विचार करत होते.

सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. मितभाषी माणूस. काहीही सांगितलं की "बघतो" म्हणायचे, आणि ते खरंच बघतील की काय याची मला कायम धास्ती.

यंत्रामागोमाग ती पोरगी आली. वडवणीकडची, म्हणून मी तिला मनातल्या मनात वडवणीची म्हणायचे. एमएस्सी झालेली, सहा महिन्यांच्या चाचणीवर घेतलेली. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. बहीण-भाऊ धाकटे, त्यांना पूर्वी टोळीबरोबर नेत, मग शाळा बुडायची. हिला नोकरी लागली तशी हिने बीडमध्ये एक खोली घेतली, दोघांना आणून इथल्या शाळेत घातलं. नोकरी पक्की झाली तर ती इथेच राहणार, नाही तर पुन्हा कोप्यावर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात डबा खाताना सांगितलं. मी ऐकलं आणि मला वाटलं, पहिल्याच आठवड्यात एवढं सांगते म्हणजे हिला काहीतरी हवंय.

तिच्या प्रत्येक गोष्टीत मला काहीतरी दिसायचं. आल्या आल्या मला काकू म्हणाली. मावशी म्हणाली असती तर मी चिडले असते, कारण आमच्याकडे मावशी म्हणजे फरशी पुसणारी. मॅडम म्हणाली असती तर टोमणा वाटला असता. काकू म्हणाली तर वाटलं, नातं जोडून काम काढणारी दिसते. चहा आणून दिला की वाटायचं, का दिला. नाही दिला की वाटायचं, आज का नाही दिला. यंत्र तर तिला दोन दिवसांत आलं, हे तर सरळसरळ संशयास्पद.

सकाळच्या प्लेटची मांडणी मी करायचे, दुपारच्या प्लेटची ती. सकाळी मी यंत्र मांडून दिलं की ती बटण दाबून तिथे बसायची आणि मी आत पुढचं बी कुटायला जायचे. पक्का अर्क मात्र ज्याने त्याने आपापल्या प्लेटपुरता करायचा, असं ठरलेलं होतं. तो करणं म्हणजे डोक्याला ताप. कुटा, भिजवा, फिरवा, गाळा. एकदा दुपारी ती पडद्याकडे बघून सहज म्हणाली, काकू, तुमच्या नळीत उरलेलं दाखवतंय, मी वापरू का? मी म्हटलं वापर. आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा शिरला. मी कुटायचं, हिने वापरायचं.

आता आमच्या सवयीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा. टँकरवाला वरूनच विचारायचा, हौदात किती हाय? तेव्हा बाईने तळाकडे बोट दाखवायचं. अर्धा हौद भरलेला असला तरी तळाकडेच. अर्धा आहे म्हणणाऱ्या बाईकडे टँकर थांबत नाही, आणि शेजारीण घागर घेऊन येते ती वेगळीच. सासूबाईंनी मला स्वयंपाकाआधी हे शिकवलं होतं. घाटनांदूरच्या माहेरीही तेच होतं, तिथे फक्त बोट दाखवायची पद्धत वेगळी. आहे त्यापेक्षा कमी सांगणं याला आमच्यात कुणी खोटं म्हणत नव्हतं. तो शहाणपणा होता.

तर हा शहाणपणा मी यंत्राला शिकवला. नळीत पक्का अर्क भरायचे आठ मिली आणि पडद्यावर टाकायचे तीन. प्लेटला लागायचं त्याहून थेंबभरच जास्त, म्हणजे काम झाल्यावर पडदा दाखवणार, उरलं जवळजवळ काही नाही. नळी थंड ठोकळ्यात गळ्यापर्यंत रुतलेली, आत किती आहे ते वरून दिसत नाही. उरलेला अर्क मी हळूच उचलून फ्रीजमध्ये मागे ठेवायचे, उद्याच्या माझ्या प्लेटसाठी. त्या बाईला इतका आनंद व्हायचा की संध्याकाळी घरी जाताना रिक्षावाल्याशी भावसुद्धा करायची नाही.

आणि मग कोरी घरं निळी व्हायला लागली.

आधी एक, मग दोन, मग एखाद्या दिवशी काही नाही, मग पुन्हा. नेहमी यंत्राचा हात पक्का अर्क घेऊन जातो त्या वाटेवरची, हे आता कळतं. तेव्हा मला वाट वगैरे काही दिसली नाही. मला दिसलं ते वेगळंच. दुपारच्या प्लेटी स्वच्छ, सकाळच्या खराब. म्हणजे तिच्या चांगल्या आणि माझ्या वाईट. दुसऱ्या कुणाला यातून वाटलं असतं की आपल्या मांडणीत काही चुकतंय का बघावं. त्या बाईला यातून एकच कळलं, की ही पोरगी मी आत गेले की माझ्या प्लेटमध्ये काहीतरी करते.

पुरावा हवा म्हणून मी काचेच्या दाराला एक पांढरा दोरा अडकवून ठेवला. दार उघडलं तर दोरा पडणार. काम संपल्यावर बघितलं तर दोरा जिथल्या तिथे. मी म्हटलं, वा, पोरगी पक्की आहे, दोरा परत लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिचा डबा बघितला, निळं काही खाते का म्हणून. मेथीची भाजी होती. तिच्या हाताला मेंदी होती ती संशयास्पद वाटली. मेंदी निळी नसते, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

अहवाल लांबले, बियाणं कंपन्यांचे फोन यायला लागले, तसं सरांनी मला बोलावलं. मी नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले की सर, मी तर सकाळी आत असते, यंत्राजवळ कोण बसतं ते तुम्हीच बघा. आणि जाता जाता, माझी भाची बीएस्सी होऊन घरीच आहे, हे डबा खाताना सगळ्यांना सांगायचे ते त्यांनाही सांगितलं. दोन्ही वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं मला त्या वेळी अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं. सर म्हणाले, "बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. दोन दिवसांनी तिला बोलावून सांगितलं की महिनाअखेरीपर्यंत दुसरीकडे बघ. ती बाहेर आली, हात धुतले, आपल्या दुपारच्या प्लेटची मांडणी करायला बसली. तिचे हात थरथरत नव्हते, आणि तेही मला संशयास्पद वाटलं. मग तिने मान न वळवता मला विचारलं, काकू, कावून व्हतंय हे, तुमाला काय वाटतं? मी म्हणाले, मला काय ठाऊक, यंत्राजवळ तू असतेस.

एवढं होऊनही माझं समाधान नव्हतं. तिला रंगेहात पकडायची हौस राहिली होती. म्हणून एका सकाळी मांडणी करून दिली, बँकेत जाऊन येते म्हणून सांगितलं आणि मागच्या दाराने येऊन सामानाच्या खोलीत उभी राहिले. त्या खोलीच्या दाराला एक काच होती, तिच्यातून यंत्र सरळ दिसायचं. उभी राहून गुडघे दुखायला लागले. एका खोक्यावर बसले तर ते टिपांचं खोकं, चेपलं.

ती बटण दाबून स्टुलावर बसली. हात मांडीवर. मोबाइलसुद्धा नाही. नुसती बघत होती. मी तिच्या हातांवर डोळे लावून होते, पण हात हलेनातच, म्हणून शेवटी कंटाळून यंत्राकडे बघितलं. लोखंडी हात नवी टीप घेऊन पक्क्या अर्काच्या नळीवर आला आणि खाली गेला. गेला म्हणजे गेलाच, तळापर्यंत. वर आला तेव्हा टीप बाहेरूनही पार वरपर्यंत भिजलेली होती. वरण वाढताना पळी दांड्यासकट बुडवून काढली की कशी दिसते, तशी. हात प्लेटकडे निघाला, टिपेच्या बाहेरच्या अंगावरून एक थेंब ओघळत टोकाला आला, लोंबला आणि पडला. कोऱ्या घरात.

मी खोक्यावरून उठले नाही. यंत्राने काय चुकवलं होतं? काहीच नाही. मी सांगितलं होतं की अर्क तळाशी आहे. ते बिचारं तळाशी गेलं. वर पाच मिली मी दडवून ठेवलेलं होतं, त्यातून बुडत गेलं आणि भिजून वर आलं. तिच्या दुपारच्या नळीत जेवढं असायचं तेवढंच ती सांगायची, म्हणून तिची टीप फक्त टोकाला भिजायची.

आता एखादी सरळ बाई बाहेर येऊन बोलली असती. आमच्या बाई मागच्या दाराने गेल्या, पुढच्या दाराने आल्या, आणि बँकेत गर्दी होती म्हणाल्या. मी ठरवलं, उद्यापासून खरा आकडा टाकायचा. प्लेटी सुधारतील, बोलणं आपोआप बंद होईल, सर पोरीला राहू देतील, आणि कुणाला काही कळायचं नाही.

आठ होतं, आठ टाकलं. कोरी घरं कोरी राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सर स्वतः माझ्या टेबलापाशी आले, आणि ते कधी येत नसत. म्हणाले, तुमचा अंदाज बरोबर होता, तिला सांगितल्यापासून बघा प्लेटी कशा सुधारल्या. घाबरली असणार.

माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता, ही गोष्ट घरातल्यांना सांगितली तर ते अजून विश्वास ठेवत नाहीत. मी गुपचूप जे सुधारलं, तोच तिच्याविरुद्ध पुरावा झाला होता. माझ्या प्रत्येक चांगल्या प्लेटीबरोबर ती जास्त गुन्हेगार ठरत होती. तरीही मी त्या दिवशी बोलले नाही. आणखी वाईट प्लेटी मुद्दाम कराव्यात का, असाही एक विचार डोक्यात येऊन गेला, हे लिहून टाकते.

मग त्याच संध्याकाळी कळलं की तिने दुसऱ्या दिवशी सकाळची अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती. सरांनी विचारलं असणार कशाला, कारण तेच मला म्हणाले, तिच्या भावंडांचे शाळेतून दाखले काढायचे आहेत, खोली सोडतेय. अगदी साध्या आवाजात म्हणाले, जशी रजा दिल्याची नोंद. मी घरी जाऊन जेवले नाही. नवरा म्हणाला, आज काय उपास? मी म्हणाले, हो.

सकाळी मी सरांना यंत्राच्या खोलीत बोलावलं. पक्क्या अर्काच्या जागी लाल रंगाचं पाणी भरलं, आठ मिली. त्यांच्यासमोर पडद्यावर तीन टाकलं आणि बटण दाबलं. आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे होतो. टीप तळाला गेली, लाल होऊन वर आली, आणि वाटेत कोऱ्या घरात एक थेंब पडला. मी मग थांबवलं, खरा आकडा टाकला, पुन्हा सुरू केलं. या वेळी फक्त टोक लाल. वाटेत काही पडलं नाही.

मी वाट बघत होते की सर आवाज चढवतील. त्यांनी एवढंच विचारलं की आठ होतं तर तीन का टाकलंत. टँकरचं, हौदाचं, सासूबाईंचं मला काहीच सांगता आलं नाही. बंद खोलीत ते सगळं एकदम येड्यासारखं वाटलं. मी म्हणाले, ती उरलेलं वापरेल म्हणून. ते म्हणाले, आणि वाया गेलेल्या प्लेटींपायी पुन्हा किती कुटलंत तुम्ही? मी लाल पाण्याची नळी ठोकळ्यातून काढली. मग ते म्हणाले, ती राहील, आजच कागद काढतो, आणि यापुढे दोन्ही वेळच्या मांडण्या तीच करेल, तुम्ही स्टुलावर बसा. तिला मात्र मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.

हे शेवटचं त्यांनी सूड म्हणून केलं की न्याय म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्यावरचा माझा संशय तेवढा शिल्लक आहे.

ती दुपारी आली. मी तिला मागे कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं, या वेळी काही न राखता. तीन, आठ, फ्रीजच्या मागची नळी, दोरा, सामानाची खोली, सरांना काय म्हणाले ते, भाची, आणि कळल्यावरही तीन दिवस गप्प बसले ते. ती एप्रनची बटणं लावत ऐकत होती. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. ओरडेल असं वाटलं होतं, तेही नाही. शेवटचं बटण लावून झाल्यावर तिने माझ्याकडे सरळ बघितलं आणि बोलली.

"काकू, मला वाटत व्हतं तुमी मुद्दाम करताय, तुमच्या भाचीला चिकटवायला. तसं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. दाखले आज सकाळीच काढलेत, माझ्या पिशवीत हायत. उद्या शाळेत ते परत द्यायला तुमी माझ्यासंग चला. हेडमास्तर इचारतील कावून काढले अन् कावून परत आणले, तवा तुमीच बोला. मी निस्ती हुबी ऱ्हाते."